बीव्हर केव्हा मारावा?

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २७ मार्च १६६८ रोजी मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. मोबदला होता वर्षाला १० पौंड. ही गोष्ट मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असते. त्यानंतर दोन वर्षांनी, २ मे १६७० रोजी, याच राजाने आणखी एका कंपनीला सनद दिली. उत्तर अमेरिकेच्या हडसन उपसागराला ज्या ज्या नद्या मिळतात, त्यांच्या खोऱ्यांतला सगळा मुलूख या कंपनीच्या नावे झाला. त्याची लांबी-रुंदी त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हती. पुढे मोजमाप झाले तेव्हा तो सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर भरला, आजच्या भारताहून मोठा. राजा किंवा त्याचे वारस त्या मुलखात आले, तर कंपनीने त्यांना दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर द्यायचे, एवढाच मोबदला सनदेत लिहिला होता. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या क्री, असिनिबॉइन आणि इन्नू लोकांना कोणी काही विचारले नाही.

या हडसन्स बे कंपनीला त्या मुलखात हवी होती ती बीव्हरची कातडी. या कातड्यांवर पुढची दोनशे वर्षे ठाणी उभी राहिली, लढाया झाल्या, नद्यांचे नकाशे निघाले आणि शेवटी कॅनडा नावाचा देश आकाराला आला. या सगळ्याच्या मुळाशी एक साधा दिसणारा निवाडा होता: कातडे घेण्याजोगे केव्हा होते? शिकारी, व्यापारी आणि लंडनचा टोपीवाला यांच्याकडे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे होती. ज्याचे उत्तर चालले, त्याप्रमाणे जंगल भरले किंवा ओस पडले.

बीव्हर हा पाण्यात आणि पाण्याकाठी राहणारा प्राणी. झाडे कुरतडून पाडायची, ओढ्यावर बांध घालायचा आणि साचलेल्या पाण्यात काटक्या-चिखलाचे घर बांधून कुटुंबाने राहायचे, अशी त्याची रीत. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ, चकाकणारे केस आणि त्यांच्या खाली दाट, मऊ लव. थंडी वाढते तशी ही लव दाटते. उन्हाळ्यात केस गळतात आणि नवे फुटू लागतात. त्या दिवसांत मारलेल्या बीव्हरचे कातडे बाजारात जवळजवळ वाया जाते.

जाणकार कातडे पारखताना आधी ते उलटे करतो. मांसाकडची बाजू स्वच्छ, पांढरट-पिवळसर असेल तर केसांची वाढ पुरी झालेली असते. ती निळसर-काळपट दिसली तर केस अजून मुळातून फुटत आहेत, त्यांचे रंगद्रव्य अजून चामड्यातच आहे, असे समजावे. मग केसांवर फुंकर घालायची आणि लव किती दाट आहे ते पाहायचे. वसंत सरला की कातडे विटते आणि घासून झिजते. प्रत्येक प्राण्याचा हंगामही निराळा असतो. मार्टिन आणि मिंक यांची कातडी हिवाळ्याच्या तोंडाशीच तयार होतात. बीव्हर आणि मस्करॅट हे पाण्यातले प्राणी, त्यांची लव हिवाळा उतरणीला लागेपर्यंत भरत राहते. हे ज्ञान कोणत्याही सनदेत लिहिलेले नव्हते. ते क्री आणि इन्नू शिकाऱ्यांच्या डोळ्यांत होते, तसेच कातडे खरवडून, ताणून, सुकवून तयार करणाऱ्या त्यांच्या बायकांच्या हातांत होते.

हंगाम पाळण्याचे दुसरेही कारण होते. बीव्हरची पिल्ले वसंताच्या अखेरीस जन्मतात आणि सुमारे दोन वर्षे आईबापांजवळ राहतात. उन्हाळ्यात मादी मारली की अंगावर पिणारी पिल्लेही जातात. हिवाळ्यात निराळाच पेच असतो. कातडे उत्तम असते आणि सगळे कुटुंब बर्फाखालच्या एकाच घरात असते. बर्फ फोडायची पहार आणि वास काढणारे कुत्रे जवळ असले, तर अख्खे घर रिकामे करता येते. म्हणून शिकाऱ्याला एकाच वेळी दोन निवाडे करावे लागत. मारायचा केव्हा, आणि मागे ठेवायचे किती? सगळ्या टोळ्या एकाच शिस्तीने वागत होत्या असे म्हणता येणार नाही. पण बाजार दारात येण्यापूर्वी मांस आणि पांघरूण यांच्या गरजेपलीकडे मारण्याचे कारणच नव्हते. क्री लोकांत बीव्हरची हाडे कुत्र्यांपुढे टाकत नसत. ती पाण्यात सोडत किंवा झाडाला बांधत. ज्याने आपणहून देह दिला त्याचा मान राखला नाही तर तो पुन्हा येणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

युरोपला हे कातडे अंगावर घालायला नको होते. त्याला हवी होती ती फक्त आतली लव. तिच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि दाब मिळाला की ते एकमेकांत घट्ट अडकतात आणि त्यांचा नमदा तयार होतो. बीव्हरचा नमदा हलका, पाणी न शोषणारा आणि आकार धरून ठेवणारा. त्याची टोपी ही सतराव्या शतकातल्या युरोपात प्रतिष्ठेची खूण होती. या मागणीपायी पश्चिम युरोपातले बीव्हर जवळजवळ संपले होते, म्हणून व्यापाऱ्यांची नजर अटलांटिकपलीकडे गेली.

इथे युरोपची एक अडचण होती. लव सोडवायची तर वरचे राठ केस आधी निघायला हवेत आणि ते काम फार जिकिरीचे. रशियातल्या कारागिरांना राठ केस जागेवर ठेवून लव विंचरून काढण्याची कला साधली होती. म्हणून पश्चिम युरोपचे व्यापारी अमेरिकेतून आलेली सुकी कातडी अर्खांगेल्स्कमार्गे रशियाला पाठवत आणि विंचरलेली लव परत आणत. दुसरा उपाय होता अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पांघरुणात. हे लोक पाच ते आठ कातडी एकत्र शिवून त्यांचा झगा करत आणि केसांची बाजू आत ठेवून वर्ष-दीड वर्ष अंगावर वागवत. तेवढ्या काळात राठ केस झिजून गळत, अंगाच्या तेलाने चामडे मऊ होई आणि लव काम करण्याजोगी होई. फ्रेंच व्यापारी या मालाला तेलकट बीव्हर म्हणत आणि नुसत्या वाळवलेल्या कातड्याला सुका बीव्हर. तेलकट मालाला भाव जास्त होता. जो झगा एखाद्या क्री बाईने शिवला, कुटुंबाने दोन हिवाळे पांघरला आणि जुना झाला म्हणून देऊन टाकला, तोच पॅरिसच्या टोपीवाल्याला नव्या कातड्याहून मोलाचा वाटत होता. व्यापाराच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना आपण फायद्यात आहोत असे वाटले, आणि तसे वाटण्याला खरा आधार होता.

हडसन उपसागराची वाट इंग्रजांना दाखवली ती दोन फ्रेंच माणसांनी. पिएर-एस्प्री रादिसाँ आणि त्याचा मेहुणा मेदार दे ग्रोझेलिए हे १६५९-६० मध्ये लेक सुपीरियरच्या पलीकडे जाऊन कातड्यांनी भरलेल्या होड्या घेऊन परतले. परवानगीवाचून गेल्याबद्दल न्यू फ्रान्स या फ्रेंच वसाहतीच्या गव्हर्नरने त्यांचा माल जप्त केला आणि दंड केला. दुखावलेले हे दोघे इंग्लंडला गेले. उत्तम कातडी उत्तरेच्या थंड मुलखात मिळतात आणि तिथे समुद्रमार्गे थेट जाता येते, ही त्यांची माहिती राजाचा चुलतभाऊ प्रिन्स रूपर्ट याने उचलून धरली. जून १६६८ मध्ये ‘नॉनसच’ नावाचे छोटे जहाज टेम्स नदीतून निघाले. ग्रोझेलिए त्यावर होता. रूपर्ट नदीच्या मुखाशी हिवाळा काढून ते ऑक्टोबर १६६९ मध्ये कातडी घेऊन परतले. सनद मिळाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. जानेवारी १६७२ मध्ये लंडनच्या गॅरावेज कॉफी हाउसमध्ये कंपनीच्या कातड्यांचा पहिला जाहीर लिलाव झाला.

कंपनीने उपसागराच्या काठी वखारी घातल्या. पहिली शंभर वर्षे तिची माणसे फारशी आत गेलीच नाहीत. आतल्या प्रदेशाचा व्यापार क्री आणि असिनिबॉइन अडत्यांच्या हाती होता. ते दूरच्या टोळ्यांकडून कातडी गोळा करत आणि नद्यांचे बर्फ वितळले की शेकडो मैल होड्या हाकत यॉर्क फॅक्टरीसारख्या वखारीवर येत. आधी भेटी, चिलीम आणि भाषणे होत, मग सौदा. क्री म्होरके माल कसून पाहत. पातळ पत्र्याची किटली किंवा मापात कमी भरलेली दारू, बंदुकीची असो वा पिण्याची, ते परत करत आणि वखारवाल्याला तोंडावर सुनावत. फ्रेंच व्यापारी दूर नव्हते आणि आपल्याला दुसरी पेठ आहे हे या म्होरक्यांना पक्के माहीत होते.

या व्यवहारात नाणे नव्हते. नाण्याच्या जागी होता ‘मेड बीव्हर’, म्हणजे पूर्ण वाढलेल्या बीव्हरचे, हिवाळ्यात मारलेले, नीट तयार केलेले एक कातडे. बंदुका, ब्लँकेटे, सुऱ्या, तंबाखू यांचे भाव या कातड्यांत ठरत. मार्टिन, कोल्हा, पाणमांजर यांच्या कातड्यांची किंमतही त्याच मापाने बांधलेली असे. उन्हाळ्यातले किंवा पिल्लाचे कातडे अर्धे धरले जाई. शिकाऱ्याच्या डोळ्यांतली हंगामाची पारख अशा रीतीने एका खंडाच्या व्यापाराचे चलन झाली. वाईट हंगामात मारणाऱ्याला अर्धाच मोबदला मिळे, त्यामुळे भावपत्रकही थोडेफार हंगामाच्या बाजूने उभे होते.

पण भावपत्रकाला एक गोष्ट कळत नव्हती. ते कातड्याची प्रत मोजत होते, जंगलात उरलेल्या बीव्हरांची संख्या नाही. याचा पहिला फटका फ्रेंचांना वेगळ्या रूपाने बसला. न्यू फ्रान्समध्ये येईल तेवढे कातडे ठरलेल्या भावाने घेतले जाई, म्हणून माल येतच राहिला. १६९० च्या दशकात फ्रान्सच्या गोदामांत तेलकट बीव्हरचे ढीग पडून होते. एवढ्या टोप्या कोणी घालणार नव्हते. अखेर १६९६ मध्ये चौदाव्या लुईने पश्चिमेकडच्या व्यापाराचे परवाने रद्द केले आणि तिथली बहुतेक ठाणी बंद करायला लावली. इंग्रज कंपनीच्या गोदामांतही तेलकट माल साचला होता आणि वखारवाल्यांना तो कमी घेण्याच्या सूचना गेल्या. ज्या जुन्या झग्यांना काल सोन्याचा भाव होता, ते आज नको झाले. अठराव्या शतकात टोपीवाल्यांनी लवेवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करण्याची युक्ती उचलली. तिने सुक्या कातड्याचीही लव चांगली नमद्याजोगी झाली आणि तेलकट मालाची गरज आणखी घटली. त्या पाऱ्याच्या वाफांनी टोपी कारागिरांचे हात कापू लागले, बुद्धी भ्रमू लागली. त्यांचे हाल पुढच्या शतकातही चालूच राहिले.

या बदलाचा जंगलावर झालेला परिणाम मोठा होता. तेलकट बीव्हरला एक नैसर्गिक मर्यादा होती: माणसे जेवढी पांघरतील तेवढाच माल. सुक्या कातड्याला अशी मर्यादा नव्हती. मारा, वाळवा, विका. १७३० च्या दशकात फ्रेंच ठाणी विनिपेग सरोवरापर्यंत आली, इंग्रजांनी भाव वाढवून दिला आणि दोघांच्या चढाओढीत शिकार वाढली. १७६३ नंतर फ्रेंच सत्ता गेली, तरी मॉन्ट्रियलचे व्यापारी आत घुसले आणि त्यांतूनच नॉर्थ वेस्ट कंपनी उभी राहिली. हडसन्स बे कंपनीलाही किनारा सोडावा लागला. सॅम्युअल हर्नने १७७४ मध्ये कंबरलंड हाउस हे तिचे आतल्या मुलखातले ठाणे बसवले. एकेका नदीवर समोरासमोर ठाणी आली. शिकाऱ्याला ओढण्यासाठी रम आणि ब्रँडी वाहू लागली. १७८१-८२ मध्ये देवीच्या साथीने क्री आणि त्यांच्या शेजारच्या टोळ्यांत हाहाकार केला. ज्या घरांतून मुलांना हंगामाचे ज्ञान मिळत होते, त्यांतली कित्येक घरे बसली.

त्यानंतर आला पोलादी सापळा. तो काही नवीन नव्हता, पण १७९० च्या दशकात त्याला आमिषाची जोड मिळाली. बीव्हरच्या शेपटीजवळच्या ग्रंथींतून निघणारा उग्र वासाचा स्राव काडीला लावून ती काडी सापळ्यावर रोवायची. दुसरा बीव्हर आपल्या हद्दीत आला, या समजुतीने बीव्हर तिकडे येई आणि अडके. बर्फ फोडायचे कष्ट नकोत, घर शोधायला नको, हिवाळ्याची वाट पाहायला नको. नॉर्थ वेस्ट कंपनीने मॉन्ट्रियलजवळचे इरोक्वॉय सापळेवाले पश्चिमेला आणले. त्यांना त्या भूमीत उद्या राहायचे नव्हते. नकाशाकार डेव्हिड थॉम्पसन याने हे सगळे डोळ्यांनी पाहिले आणि सापळा व आमिष यांच्या जोडीने एकामागून एक प्रदेश कसा ओस पडला, ते लिहून ठेवले. केव्हा मारावा या प्रश्नाला आता एकच उत्तर उरले होते: दुसऱ्याने मारण्याआधी.

१८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि मक्तेदारी परत आली. नव्या रचनेत उत्तरेकडचा कारभार जॉर्ज सिम्पसन या करारी गव्हर्नरच्या हाती आला. ओस पडलेली खोरी पाहून त्याने कठोर उपाय सुरू केले. उन्हाळी कातडी घ्यायची नाहीत. सापळे वापरू द्यायचे नाहीत. थकलेल्या भागातली ठाणी काही वर्षे उठवायची. १८२६ पासून एकेका जिल्ह्याला बीव्हरच्या कातड्यांची मर्यादा घातली गेली आणि शिकाऱ्यांना मस्करॅटसारख्या दुसऱ्या प्राण्यांकडे वळवायचे ठरले. एका व्यापारी कंपनीने एवढ्या मोठ्या प्रदेशात शिकार आवरण्याचा हा प्रयत्न त्या काळात दुर्मिळ होता, हे मान्य करायला हवे.

पण याच सिम्पसनने रॉकी पर्वतापलीकडे नेमके उलटे केले. १८१८ च्या करारानुसार ऑरेगनचा मुलूख ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनाही खुला होता. पुढे तो अमेरिकेकडे जाईल अशी कंपनीला धास्ती होती. अमेरिकी सापळेवाले पूर्वेकडून सरकत होते. त्यांना रोखायचे तर त्यांच्या वाटेत एकही बीव्हर ठेवायचा नाही, असे ठरले. १८२४ ते १८३० या काळात पीटर स्कीन ऑग्डन याच्या तुकड्यांनी स्नेक नदीचे खोरे पद्धतशीरपणे रिकामे केले. लहान-मोठा, नर-मादी, हंगामी-बिगरहंगामी असा भेद ठेवला नाही. एकच गव्हर्नर, एकच कंपनी, एकच दशक. जिथे उद्याची मालकी पक्की होती तिथे संयम आणि जिथे ती डळमळीत होती तिथे संहार. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. बीव्हर कसा टिकतो हे कंपनीला माहीत होते. ज्ञानाची उणीव असती तर दोष कमी झाला असता.

मर्यादेच्या योजनेलाही पूर्ण यश आले नाही, आणि त्याची कारणे शिकाऱ्यांच्या हट्टात शोधणे अन्यायाचे आहे. बीव्हर हे त्यांचे अन्न होते. ज्या वर्षी हरणे दिसली नाहीत, त्या वर्षी लंडनहून आलेल्या नियमाने पोट भरणार नव्हते. शिवाय शतकभराच्या चढाओढीने जुन्या हद्दी मोडल्या होत्या. मी राखलेला बीव्हर उद्या दुसऱ्या कोणाच्या सापळ्यात गेला, तर राखण्यात अर्थ काय? जमिनीवर ज्याचा हक्क मान्य नाही, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करण्यात हाच दोष होता.

बीव्हरला थोडी उसंत मिळाली ती फॅशन बदलल्यामुळे. १८३० आणि ४० च्या दशकांत रेशमी टोपी आली आणि बीव्हरचे भाव कोसळले. १८७० मध्ये ३ लाख पौंडांच्या मोबदल्यात रूपर्ट्स लँड, म्हणजे सनदेने कंपनीला मिळालेला तो सगळा मुलूख, कॅनडाकडे गेला. या वेळीही तिथल्या लोकांना कोणी विचारले नाही, आणि रेड रिव्हरच्या काठच्या मिश्रवंशीय मेटिस लोकांनी लुई रिएलच्या नेतृत्वाखाली उठाव केला. पुढे फरचे भाव पुन्हा चढले, बाहेरचे सापळेवाले उत्तरेत शिरले आणि १९२० च्या दशकाअखेर जेम्स बेच्या काठी बीव्हर दिसेनासा झाला. क्री कुटुंबांची उपासमार होऊ लागली.

ज्या रूपर्ट नदीच्या मुखाशी ‘नॉनसच’ने पहिला हिवाळा काढला होता, तिथेच पुढचे पाऊल पडले. रूपर्ट हाउस ठाण्याचा व्यवस्थापक जेम्स वॅट याने क्री शिकाऱ्यांना बीव्हर न मारता जिवंत राखण्याचा मोबदला दिला. त्याची पत्नी मॉड हिने १९३२ मध्ये क्वेबेक शहर गाठून प्रांतिक सरकारकडून राखीव क्षेत्राची मंजुरी मिळवली. प्रत्येक कुटुंबाच्या हद्दीतली बीव्हरची घरे मोजायची आणि नोंदवायची हे काम क्री माणसांकडेच सोपवले. काही वर्षे शिकार थांबली. १९४० मध्ये ती मोजून-मापून पुन्हा सुरू झाली तेव्हा बीव्हर परतलेले होते. हीच पद्धत मग जेम्स बेच्या इतर भागांतही नेली. घरे मोजणाऱ्या त्या माणसांचे पद, टॅलीमन, क्री प्रदेशात आजही टिकून आहे. एकेका कुटुंबाच्या शिकारभूमीत केव्हा, काय आणि किती घ्यायचे, हे ठरवण्यात त्यांचा शब्द मोठा असतो. हडसन्स बे कंपनीची शेवटची दुकाने मात्र १ जून २०२५ रोजी बंद झाली.

या इतिहासाकडे पाहून फरचा व्यापार मुळातच पाप होता असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने क्री लोकांच्या जगण्याचा, कष्टांचा आणि कौशल्याचा अपमान होतो. त्यांनी हा व्यापार स्वतःच्या अटींवर, डोळे उघडे ठेवून केला होता. बिघडले ते निवाड्याचा अधिकार त्यांच्या हातून गेला तेव्हा. कातडे पांढरे पडले की घ्यावे, ही पारख लंडनच्या लिलावातला माणूसही शिकू शकतो. या ओढ्यावर यंदा दोन घरे उरली आहेत, म्हणून कातडे कितीही उत्तम असले तरी हात लावू नये, ही पारख त्या ओढ्यावर पुढच्या वर्षीही येणारा माणूसच करू शकतो. बाजार पहिल्या पारखीचा पुरेपूर मोबदला देतो आणि दुसरीचा जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून दुसऱ्या पारखीमागे कायद्याने मान्य केलेला हक्क उभा करावा लागतो. रूपर्ट हाउसच्या लोकांनी तो मिळवला आणि ओस पडलेले पाणी दहा वर्षांत पुन्हा वसवून दाखवले. जंगल, नदी किंवा समुद्र राखण्याचा प्रश्न आज जिथे जिथे आपल्यासमोर येतो, तिथे भावाची आणि मर्यादेची चर्चा करण्यापूर्वी तिथे राहणाऱ्यांचा हक्क ठरवला पाहिजे. बीव्हरच्या अडीच शतकांच्या इतिहासातून मला तरी हाच धडा स्पष्ट दिसतो.